चंद्र दिसला, म्हणजे नेमकं काय झालं?

दुबईत करामामधल्या आमच्या जुन्या इमारतीची गच्ची. रमजानची एकोणतिसावी संध्याकाळ. शेजारचे केरळी काका बोट दाखवून म्हणाले, "तो बघा, क्रेनच्या लाल दिव्याच्या डावीकडे, जरा खाली." दोन मिनिटं काहीच नाही. मग दिसला. केसाएवढा बारीक, किंचित कललेला. "दिसला, दिसला," मी ओरडलोसुद्धा. पाचेक मिनिटांत तो चंद्र लांबत गेला आणि मधोमध तुटला. विमानाने मागे सोडलेला पट्टा होता तो. गंमत अशी की आज ती संध्याकाळ आठवली की मला पट्टा दिसत नाही, कोरच दिसते. आणि बायको ठासून सांगते की समोरचं बांधकाम त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झालं, तेव्हा क्रेन नव्हतीच.

'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' हा आपला लाडका युक्तिवाद. पण कांकण हातात असतं. कोर पावणेचार लाख किलोमीटरवर, मावळतीच्या धुळकट उजेडात, आणि बघणारा ती दिसावी म्हणून आसुसलेला.

२९ मार्च २०२५ घ्या. अमिरातीच्या वेळेप्रमाणे अमावास्या दुपारी तीनच्या सुमारास संपली. सूर्य बुडताना चंद्र जेमतेम साडेतीन तासांचा, सूर्यापासून तीन अंशही दूर नाही. सात अंशांच्या आत कोर दिसत नाही, असं फ्रेंच खगोलज्ञ दांजों यांनी १९३०च्या दशकात मांडलं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या सर्वांत कोवळ्या चंद्राची गाजलेली नोंद १९९०ची, स्टीफन ओमेरा यांची: १५ तास ३२ मिनिटं. अबुधाबीच्या आंतरराष्ट्रीय खगोल केंद्राने आधीच सांगून ठेवलं होतं की त्या संध्याकाळी अरब जगात चंद्र दिसणं शक्य नाही. तरी सौदीत साक्षी मान्य झाल्या. सौदीत आणि अमिरातीत ३० तारखेला ईद झाली, शेजारच्या ओमानमध्ये ३१ला. ३०लाच गुढीपाडवा होता. आम्ही मात्र आकाशाकडे न बघता पंचांग पाहून गुढी उभारली.

ईद कधी धरायची हा त्या धर्माच्या अधिकाऱ्यांचा निर्णय, त्यात मी पडत नाही. साक्षीदार खोटं बोलले असंही मी म्हणत नाही. गच्चीवर मी तरी कुठे खोटं बोललो होतो?

अरबी परंपरेला हे ठाऊक आहे. बसऱ्याचे काझी इयास यांच्यापुढे वयोवृद्ध अनस इब्न मालिक यांनी चंद्र पाहिल्याचं सांगितलं. दुसऱ्या कुणाला तो दिसेना. इयास यांनी त्यांच्या भुवईचा एक वाकलेला पांढरा केस हाताने सारखा केला आणि विचारलं, आता? आता चंद्र नव्हता. कथा आहे, पण कथा सांगणाऱ्यांनी काझी शहाणा दाखवला, साक्षीदार लबाड नाही. आपल्याकडे 'प्रत्यक्ष' म्हणजे अंतिम प्रमाण असं बेधडक सांगितलं जातं, पण न्यायसूत्रांनी त्याच्या व्याख्येतच 'अव्यभिचारी', म्हणजे न चकवणारं, ही अट घातली आहे. वात्स्यायनांनी ती समजवायला उदाहरण घेतलं मृगजळाचं. अल ऐनच्या रस्त्यावर मे महिन्यात दुपारी गाडी चालवलेल्याला अधिक भाष्य नको.

आठवण तर याहून बेभरवशाची. मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४मध्ये मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवून काहींना विचारलं, गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता? आठवड्याने त्यांच्यातल्या अनेकांना फुटलेली काच आठवली. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

मग साक्ष रद्दीत घालायची आणि कॅमेराच खरा मानायचा? हेही मला मान्य नाही. त्याच खगोल केंद्राचे मोहम्मद ओदेह यांनी कोर कधी दिसू शकते याचा जो निकष बसवला, तो ७३७ निरीक्षणांवर उभा आहे. साक्षी तपासायचा गजच साक्षींतून घडला! फरक एवढाच, की त्या निरीक्षकांनी जागा, वेळ लिहिली आणि 'दिसला नाही' हेही लिहिलं. माणसाचा डोळा टाकाऊ नाही. त्याला वेळेवर, दुसऱ्याचं ऐकण्याआधी आणि नीट प्रश्न विचारावे लागतात. कुठे दिसला? टोकं कुणीकडे होती? सूर्य बुडून किती वेळ झाला होता?

गेल्या रमजानला काकांची नात "दिसला!" म्हणाली. मी काकांना पाठ फिरवायला लावली, तिला बोट दाखवायला सांगितलं, मग काकांना. तिचं बोट पाण्याच्या टाकीवर होतं, काकांचं मशिदीच्या मिनाराकडे. काका हसले, म्हणाले, "चला खाली, चंद्रदर्शन समितीचा निरोप टीव्हीवर येईलच."