जनरल रजिस्टरमधला पुढचा रकाना

मे महिन्यात तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयाबाहेर कधीकधी लग्नाऐवजी वेगळाच फ्लेक्स झळकतो : अमुक हायस्कूल, दहावीची बॅच, पंचवीस वर्षांनी स्नेहमेळावा. आत फेटे बांधलेली चाळिशीतली मंडळी. एखादे निवृत्त सर जुन्या क्रमाने हजेरी घेतात आणि पोट सुटलेली माणसं ‘हजर सर’ म्हणत खरोखरच उभी राहतात. मग शाल-श्रीफळ, जेवण, ग्रुप फोटो. निघण्याआधी वर्गणी जमते आणि शाळेला पाण्याचा फिल्टर मिळतो, त्यावर लाल ऑइलपेंटने बॅचचं नाव. पुढच्या वर्षी फिल्टरची कँडल बदलायची वेळ येते, तेव्हा मुख्याध्यापकांकडे त्या बॅचमधल्या एकाचाही चालू नंबर नसतो.

मेळावे जरूर व्हावेत, फेटेही बांधावेत. पण माजी विद्यार्थ्यांचं मोल वस्तूंत आणि रुपयांत मोजायची सवय शाळा आणि बॅच दोघांनाही लागली आहे. नंदन निलेकणींनी आयआयटी मुंबईतल्या आपल्या प्रवेशाला ५० वर्षं झाली म्हणून २०२३ मध्ये संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले, तेव्हा सगळीकडे त्या आकड्याचीच चर्चा झाली. गावच्या हायस्कूलला तेवढे पैसे कोणी देणार नाही. त्याची मोठी अडचण पैशांची नाहीच.

अडचण आहे ओळखीची. शहरातल्या मुलाची बारावी झाली की मामा इंजिनिअर असतो, आत्या बँकेत असते, शेजारचे काका सीए असतात. कॅप राउंडमध्ये ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, मिळालेली जागा फ्रीझ करायची की पुढच्या फेरीची वाट पाहायची, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला रांगा लागण्याआधीच कसा काढून ठेवायचा, हे त्याला जेवणाच्या ताटावर कळतं. घरात पहिल्यांदाच बारावीपर्यंत पोचलेल्या मुलीच्या वडिलांची ओळख बाजार समितीतल्या अडत्यापाशी संपते. तिच्या आधी त्याच बाकावर बसून गेलेलं कोणीतरी मात्र आज पुण्यात नर्स असतं, नाशिकला फिटर असतं, मंत्रालयात कारकून असतं. तिला गरज आहे ती त्या माणसाच्या दहा मिनिटांच्या फोनची.

एकाच शाळेत शिकल्याचं नातं किती घट्ट होऊ शकतं, ते केंद्र सरकारच्या निवासी नवोदय शाळांतल्या मुलांकडे पाहावं. पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. सहावीला प्रवेश परीक्षा, किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी, बारावीपर्यंत तिथेच राहणं. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात. देशभर हाउसची नावंही तीच : अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. त्यामुळे एकमेकांना कधीही न पाहिलेले दोन नवोदयवाले रेल्वेच्या डब्यात भेटले, की ‘हाउस कुठलं?’ एवढ्यावर गप्पा सुरू होतात आणि उतरताना नंबरांची देवाणघेवाण झालेली असते.

साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड अक्कलकुव्याच्या नवोदयमध्ये शिकले. भिल्ल समाजातला हा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला, पुढे आयएएस झाला आणि ज्या जिल्ह्यात आपली शाळा, त्याच नंदुरबारचा जिल्हाधिकारी म्हणून आला. २०२१च्या कोविड लाटेत नंदुरबारने वेळेआधीच उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांची देशभर वाखाणणी झाली. अक्कलकुव्याच्या वसतिगृहातल्या मुलाच्या दृष्टीने मात्र याहून मोठी गोष्ट अशी होती, की कलेक्टर ‘आपल्या शाळेतले’ होते. दहा प्रेरणादायी व्याख्यानांनी होत नाही, ते या दोन शब्दांनी होतं.

महाराष्ट्राला यात नवं काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन इंग्लंडहून परतले. त्यांनी वकिलीत पैसा करायचं सोडून रयतमध्येच काम केलं आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रयतमध्ये अशा माणसांसाठी ‘आजीव सेवक’ हा शब्दच रूढ झाला. माजी विद्यार्थी संघाची नोंदणी वगैरे भानगड तेव्हा नव्हती.

अशा ओळखीचा वशिला होतो, हा आक्षेप खोटा नाही. बड्या शाळांच्या ‘ओल्ड बॉइज’नी खुर्च्या आपापसांत वाटून घेतल्याचे किस्से कमी नाहीत. पण कुठला अर्ज कधी भरायचा हे सांगणं आणि अर्ज न भरताच काम करून देणं यातला फरक गावातल्या माणसाला पक्का ठाऊक असतो. शिवाय ज्यांच्याकडे वशिला आहे, त्यांचं शाळेच्या संघावाचून काही अडत नाही.

सरकारी चौकटीत मात्र माजी विद्यार्थी जवळपास अदृश्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. हे योग्यच आहे. पण त्या कलमात माजी विद्यार्थ्याचा उल्लेख नाही. महाविद्यालयांना ‘नॅक’ ही मूल्यांकन संस्था माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचे गुण देते, म्हणून तिथे संघ असतात, आणि त्यातले बरेचसे ‘नॅक’ची समिती येण्याच्या आधीच्या महिन्यात जागे होतात.

खरं तर शाळेजवळ एक भक्कम दस्तऐवज असतोच. जनरल रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं, कायम जपून ठेवायचं. जात पडताळणीसाठी लोक त्यात आजोबांची नोंद शोधत येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधातही शाळांची जुनी रजिस्टरं चाळली गेली. प्रवेशाची तारीख, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. तिथे ओळ संपते. मूल पुढे कुठे गेलं, हे शाळेला ठाऊक नसतं.

तेव्हा येत्या मेळाव्याच्या आयोजकांनी फेट्यांची ऑर्डर देण्याआधी एक दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येकाने त्यात नाव, बॅच, सध्याचं काम आणि नंबर लिहावा, आणि मुलांनी आपल्याला काय विचारावं हे एका ओळीत नोंदवावं. वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावी आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात फोन चालू ठेवावा.