जिनचे नऊ मसाले आणि मंगळवारची आमटी

मंडळी, सध्या आमच्या वयाच्या पोरांत एक नवीन नाद आलाय. आठवड्यातला एखादा साधा वार पकडायचा, मंगळवार म्हणा, बुधवार म्हणा. रात्रीच्या जेवणाचा फोटो काढायचा. ताटात ज्वारीची भाकरी, मसुराची आमटी, कांदा, खर्डा. शेजारी उंच काचेचा ग्लास, त्यात बर्फ आणि लिंबाची चकती. मागे बाटली अशी ठेवायची की लेबल स्वच्छ वाचता आलं पाहिजे. मग फोटो मित्रांना पाठवायचा, खाली चार ओळी लिहून.

त्या चार ओळी एकदा नीट वाचा. चारही जिनवर असतात. आमटीच्या वाट्याला फार तर 'घरचं जेवण' एवढे दोन शब्द.

आधीच सांगून टाकतो, माझं भांडण जिनशी नाही. 'दारू वाईट' छापाचं कीर्तन ऐकायला आला असाल तर पत्ता चुकलात. उलट जिनबद्दल ही मंडळी जे बोलतात ते बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

बघा ना. २०१७ साली 'ग्रेटर दॅन' आली, २०१८ साली 'हपुसा' आणि 'स्ट्रेंजर अँड सन्स'. तेव्हापासून भारतात बनलेली चांगली जिन ही कौतुकानं बोलायची गोष्ट झाली. आमच्या कंपूतला कुणीही तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगेल की 'हपुसा'मध्ये हिमालयातलं जुनिपर असतं आणि हे नावच मुळात जुनिपरच्या संस्कृत नावावरून, 'हपुषा'वरून, घेतलंय. जिन म्हणजे काय, तर बिनचवीचा मद्यार्क घ्यायचा आणि त्याला जुनिपरची आणि इतर मसाल्यांची चव द्यायची. जुनिपरखालोखाल जवळजवळ प्रत्येक जिनमध्ये काय असतं माहितेय? धणे! गोव्यात बनणाऱ्या 'स्ट्रेंजर अँड सन्स'ची यादी तर पाठ असते लोकांना: जुनिपर, धणे, अँजेलिकाचं मूळ, ज्येष्ठमध, दालचिनीची मोठी बहीण कॅशिया, जायफळ, जायपत्री, मिरी आणि लिंबूवर्गीय फळांच्या साली. झाले नऊ. घोट घेतला की डोळे मिटून 'मागून मिरी येतीय बघ' असं सांगणारे महाभाग मी पाहिलेत.

छान आहे. आता त्याच महाभागाला त्याच्या ताटातल्या आमटीबद्दल विचारा.

आमटीत जी लाल चटणी आहे (कोल्हापुराबाहेरच्या मंडळींसाठी: आम्ही कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतो), तिच्यात काय काय आहे? धणे आहेत, जिरे आहेत, तीळ, खसखस, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, बडीशेप, मेथी, मोहरी, हळकुंड, हिंग आहे. वर कांदा आणि लसूण. मिरची एक नाही, तिखटाला एक आणि रंगाला एक. रंगाला ब्याडगी असते हे कदाचित येईल सांगता. पण घरात संकेश्वरी येते की लवंगी, आणि दोन्हींचं प्रमाण काय? इथं गाडी थांबते. मोजा, नवाच्या दुप्पट झाले की नाही? पण लेबल नाही ना! लेबल नसलं की आमची जीभ मुकी होते.

आणि ही चटणी आपोआप बरणीत येत नाही. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या आणायच्या, गच्चीवर उन्हात वाळवायच्या, ठसकत ठसकत देठं काढायची, एकेक मसाला वेगळा भाजायचा (तीळ आणि खसखस लवकर होतात, हळकुंडाला वेळ लागतो, सगळं एकदम टाकलं तर अर्धं कच्चं आणि अर्धं करपलेलं), मग डंकावर नंबर लावून कुटून आणायची. बरणीत दाबून भरताना हिंगाचे खडे ठेवायचे. वर्षभराचा साठा एका उन्हाळ्यात. आम्ही ऑफिसात ज्याला बॅच प्रोसेस म्हणतो ना, ती ही. गोव्यातल्या डिस्टिलरीनं हे केलं असतं तर आम्ही तिकीट काढून बघायला गेलो असतो. आई गच्चीत बसून करते तेव्हा आम्ही खोकत खोकत दार लावून घेतो.

यावर एक उत्तर हमखास येतं. 'भावा, कोल्हापूरचे पुरुष सैपाक करतात! रविवारचं मटण आमच्यात बापयच करतात.' अगदी मान्य. रानातली पार्टी असो की रविवार, पातेल्याजवळ पुरुष उभा असतो आणि तांबडा-पांढरा असा करतो की नाद नाही करायचा. पण मटण कापून, साफ करून आणून दिलेलं असतं. वाटण तयार असतं. चार लोक वाहवा करायला बसलेले असतात. आणि नंतरची भांडी? ती कोण घासतं?

आयटीवाल्यांना कळेल अशा भाषेत सांगतो. रविवारचं मटण हा क्लायंटसमोरचा डेमो आहे. मंगळवारची आमटी म्हणजे प्रॉडक्शन सपोर्ट. डेमोला टाळ्या मिळतात. सपोर्टचं नाव फक्त सिस्टीम बंद पडल्यावर निघतं, म्हणजे आमटीत मीठ जास्त झालं की. आपण स्वतः सपोर्टला असताना कुणी कौतुक करत नाही म्हणून मॅनेजरच्या नावानं बोटं मोडतो. मग घरात आपण तोच मॅनेजर का होतो?

हे मी चार मित्रांवरून बोलत नाहीये. २०१९ साली केंद्र सरकारनं देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतं याचं. सहा वर्षांवरच्या लोकांत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. बरं, जे करतात त्यांचा वेळ? बायकांची रोजची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. म्हणजे चार पुरुषांतले जवळपास तीन तर आकड्यातच नाहीत. त्यांच्यासाठी मंगळवारची आमटी नळाच्या पाण्यासारखी येते.

दुसरं उत्तर: 'अरे, दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोकं उठतं, रात्री दहाला एक ग्लास घेतला तर काय बिघडलं?' काहीच नाही. पण तुझी बायकोसुद्धा दिवसभर स्क्रीनसमोरच बसते की! तिचा दहाचा ग्लास कुठाय? ती साडेसातला लॅपटॉप मिटते आणि काठवटीत पीठ मळायला घेते. पीठ जुनं होऊन विरी गेलेलं असलं तर भाकरी थापतानाच तुटते, मग उकळतं पाणी घालून ते वळणीवर आणायचं. एका हातानं आमटी ढवळायची. चटणी तेलात पडली की लगेच पाणी ओतावं लागतं, नाहीतर करपून सगळी आमटी कडू. हे सगळं चाललेलं असताना बाहेरच्या खोलीत आपण टॉनिकचं प्रमाण एकास दोन की एकास तीन यावर चर्चा करतोय... जरा ऐकून बघा स्वतःला.

तिसरं उत्तर सगळ्यात साळसूद. 'आईचं सगळं अंदाजानं असतं रे, ते सांगता-लिहिता येत नाही.' हे साफ खोटं आहे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. बाईंची शाळा चौथीपर्यंतची. पण त्यांनी तो तथाकथित अंदाज वाटी-चमच्यात मोजून लिहिला आणि त्या पुस्तकावर घर सोडलेल्या कितीतरी पोरापोरींचा सैपाक उभा राहिला. तेव्हा लिहिता येतं. फक्त लिहून घ्यावंसं वाटलं पाहिजे. आपण मात्र सहा हजार ओळींच्या जुन्या कोडचं डॉक्युमेंटेशन नाही म्हणून कपाळ बडवून घेणार, आणि घरातली चाळीस वर्षांची सिस्टीम एकाच माणसाच्या डोक्यात आहे याची आपल्याला काडीची काळजी नाही. तो माणूस उद्या थकला की? मग बाजारातलं पाकीट फोडायचं आणि 'आईच्या हातची चव नाही राहिली' म्हणून उसासे टाकायचे. उसासे टाकायला आपण पहिले.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिन प्या, फोटो काढा, मिरी मागून येते की पुढून यावर खुशाल भांडा. पण त्या फोटोवर जेवण दाखवणार असाल तर दोन अटी. एक, ते जेवण आठवड्यातल्या साध्या वारी तुम्ही स्वतः केलेलं पाहिजे, भांड्यांसकट. रविवारचं मटण यात धरलं जाणार नाही. दोन, केलं नसेल तर करणारीचं नाव आधी आणि डिस्टिलरीचं नंतर. आणि आमटीवर निदान तेवढं बोला जेवढं ग्लासावर बोलता. मसूर किती शिजलाय, चटणी कुठल्या मिरचीची आहे, यंदाची गेल्या वर्षीपेक्षा जहाल आहे का. येत नसेल तर आत जाऊन विचारा. आतली व्यक्ती आधी 'काय झालं, खारट झालीय का?' असं घाबरून विचारेल. आमटीचा विषय आपण आजवर कशासाठी काढत आलो, ते त्या एका प्रश्नात सगळं आलं.

धण्याची चव ओळखणारी जीभ आपल्याला जिननं दिलेली नाही. ती बरणीतल्या चटणीवर वाढलीय. तेव्हा पहिलं देणं तिकडचं. बाकी ज्याची त्याची मर्जी आणि ज्याचा त्याचा ग्लास.