शमशाबादनंतर कुणाच्या भरवशावर?

आज १८ डिसेंबर. १९९० साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार मंजूर केला. पुढे याच तारखेला आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन पाळण्याचे ठरले. भारताने त्या करारावर अजून सही केलेली नाही. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन या सहांपैकीही कुणी केलेली नाही. आपल्याकडचा माणूस ज्या गावातून निघतो आणि ज्या गावी पोहोचतो, त्या दोन्ही टोकांना हा करार लागू नाही. आजच्या दिवशी शुभेच्छा देण्याआधी एवढे ध्यानात घ्यायला हवे.

तेलंगणात कष्टकऱ्यांच्या वाटा तीन शब्दांत सांगतात: बोंबाई, बोग्गुबाई, दुबई. मुंबई, कोळशाची खाण आणि आखात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याने या तिन्ही वाटा पाहिल्या आहेत. बेल्लमपल्ली, मंदमर्रीच्या खाणी याच जिल्ह्यात होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि खाणी मंचेरियालकडे गेल्या. आखाताची वाट धरणारी निर्मल, खानापूर, भैंसा, मुधोळकडची गावे निर्मल जिल्ह्यात गेली. आजच्या आदिलाबाद जिल्ह्यातला जैनथ-बेल्याचा मराठी पट्टा कापसाचा. इथून आखातात जाणारे तुलनेने कमी, पण जातात. एका हंगामात कापूस हातचा गेला, सावकाराचे व्याज थकले, की घरातला एक जण पासपोर्टच्या मागे लागतो.

त्याच्या पासपोर्टापासूनच सुरुवात करू. मुलगा दहावी झालेला नसेल, तर पासपोर्टावर ‘ईसीआर’ म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक अशी नोंद पडते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशा माणसाला ठरावीक अठरा देशांत कामासाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. हैदराबादला त्यासाठी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय आहे. मंजुरी म्हणजे त्याचा नोकरीचा करार सरकारने पाहिला, मालक कोण ते नोंदले, एजंट परवानाधारक आहे याची खात्री केली. एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरील करापेक्षा जास्त घेता येत नाही. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची. दोन वर्षांसाठी २७५ रुपये भरायचे, अपघाती मृत्यू झाला तर दहा लाख मिळतात. कागदावर पाहिले तर गरीब माणसासाठी याहून चांगली तटबंदी सहसा सापडणार नाही.

तिला खिंडार आहे ते व्हिजिट व्हिसाचे. गावोगावचा विनापरवाना एजंट सांगतो, ‘कशाला त्या मंजुरीच्या भानगडीत पडतोस? फिरायला चाललोय म्हणून जा, तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून घेऊ.’ फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. मग हैदराबादजवळच्या शमशाबादच्या विमानतळावर, आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहणारा शेतमजूर हातात परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण घेऊन रांगेत उभा राहतो. एजंटाने उत्तरे पाठ करून घेतलेली असतात: फिरायला चाललोय, पंधरा दिवसांनी परत येणार. काउंटरवरचा अधिकारी व्हिसा पाहतो, तिकीट पाहतो, हाताकडे पाहतो. त्या हातांवरचे घट्टे पर्यटकाचे नसतात हे त्यालाही कळते. कधी तो अडवतो, कधी सोडतो. सुटला तर पोराला जिंकल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याच क्षणी त्याचा करार, त्याचा विमा आणि कामगार म्हणून सरकारदप्तरी राहणारी त्याची नोंद, सगळे मागे राहिलेले असते.

दुसरा सापळा ‘आझाद व्हिसा’चा. तिथला एखादा कफील, म्हणजे पुरस्कर्ता मालक, पैसे घेऊन नुसता व्हिसा विकतो आणि काम ज्याचे त्याने शोधायचे असते. कफिलाच्या नावावर राहून दुसऱ्याकडे काम करणे तिथे गुन्हा आहे. सौदीत मालकाने एकदा ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची तक्रार नोंदवली, की तो कामगार बेकायदा ठरतो आणि त्याच्या घरी परतण्याच्या वाटाही बंद होतात. अशांना आपली माणसे ‘खल्ली-वल्ली’ म्हणतात. पासपोर्ट बहुतेक वेळा मालकाच्या कपाटात असतो. आपल्या १९६७ च्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तरी ती मागायला सरकार त्या कपाटापर्यंत क्वचितच पोहोचते. अमिरातीत तर हद्दपार झालेला माणूस परत आला तर ओळखता यावा म्हणून विमानतळावर बुबुळांची नोंद घेतात. सीमा इतकी चोख राखता येते. बुडालेल्या पगाराची दाद मात्र वर्षानुवर्षे लागत नाही. सुरक्षेला आमचा विरोध नाही. ती कामगाराच्या बाजूनेही उभी राहावी, एवढेच मागणे आहे.

दोन सरकारांमधल्या करारांचेही तसेच. भारताने २०१० मध्ये सौदी अरेबियाशी आणि २०११ मध्ये अमिरातीशी शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हस्तांतरणाचा करार केला. तिथली शिक्षा इथल्या तुरुंगात, घरच्यांच्या जवळ भोगता यावी हा त्याचा उद्देश. तेलंगणातल्याच सिरसिल्ला जिल्ह्यातले पाच कामगार नेपाळी पहारेकऱ्याच्या खुनाच्या खटल्यात दुबईच्या तुरुंगात होते. मृताच्या कुटुंबाला भरपाई देऊन क्षमापत्र मिळवले गेले होते. तरी ते घरी पोहोचले फेब्रुवारी २०२४ मध्ये, अठरा वर्षांनी. जाताना अंगणात रांगणारी मुले परतल्यावर बापाला ओळखत नव्हती तर नवल काय! करार आहे आणि क्षमापत्रही आहे, पण कोणता कागद किती दिवसांत कुठे पोहोचला पाहिजे याचे बंधन कुणावर नसेल, तर माणूस तुरुंगातच म्हातारा होतो.

पगाराच्या बाबतीत तर आपल्याच सरकारने माघार घेतली होती. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या ऐन तडाख्यात, आखाती देशांत जाणाऱ्या भारतीय कामगारांसाठी ठरवलेले किमान वेतन केंद्राने परिपत्रके काढून ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. नोकऱ्या टिकाव्यात, असे कारण दिले गेले. प्रकरण तेलंगणा उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२१ मध्ये जुने दर परत आले. परदेशाशी वाटाघाटी करायला बसलेल्याने आपल्याच माणसाची किंमत कमी सांगावी, हे आम्हाला आजही पटत नाही.

माणूस तिकडे दगावला, तर घरच्यांपुढे कागदांचा ढीग येतो. मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, वकिलातीचे ना हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि वारसांचे संमतिपत्र. ते संमतिपत्र बहुधा इंग्रजीत असते. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा त्यावर घेतला जातो. मृतदेह गावी आणायचा की तिकडेच पुरायचा, आणि थकलेल्या पगारावरचा हक्क तिने सोडला की राखला, दोन्ही त्या एका कागदात ठरू शकते. तेलंगणा सरकारने शमशाबादपासून गावापर्यंत मोफत वाहनाची सोय केली. ७ डिसेंबर २०२३ नंतर आखातात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना पाच लाख रुपये देण्याचे आदेशही २०२४ मध्ये काढले. हे चांगले झाले. पण आदिलाबाद-मुदखेड रेल्वेमार्गावरचे, आज महाराष्ट्रात असलेले किनवट १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषा तीच, पीक तेच, सोयरीकही तिथलीच. त्या किनवटचा माणूस त्याच विमानाने जाऊन त्याच बांधकामावर मेला, तर तेलंगणाची ही मदत त्याच्या घरी जात नाही. महाराष्ट्राने आणि तेलंगणाने पैनगंगेच्या पाण्यासाठी २०१६ मध्ये मुंबईत करार केला. सीमेवरच्या कामगारांसाठीही दोन राज्यांना तसे एकत्र बसता येईल.

निजामाच्या काळापासून असलेल्या आदिलाबादच्या धावपट्टीवर नागरी विमानतळ करायला हवाई दलाने एप्रिल २०२५ मध्ये होकार दिला. विमान गावाजवळ येणार म्हणून आनंद आहेच, पण त्यात चढणाऱ्याचे रक्षण कायद्यानेच व्हायचे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १९८३ च्या कायद्याच्या जागी येऊ घातलेल्या नव्या विधेयकाचा मसुदाही केंद्राने हरकतींसाठी खुला केला. या कायद्यात तीन गोष्टी ठामपणे याव्यात. कामगाराच्या हातात पडणारा करार त्याला वाचता येईल अशा भाषेत असावा, आपल्याकडे तेलुगू, मराठी आणि उर्दूत. व्हिजिट व्हिसावर माणसे पाठवणाऱ्या एजंटाला शिक्षा व्हावी, फसलेल्या मुलाला नव्हे. आणि परदेशाशी होणाऱ्या प्रत्येक करारात पगार, कैदी आणि मृतदेह यांच्याबाबत कालमर्यादा लिहिलेली असावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तुमच्या घरातून, आळीतून कुणी निघणार असेल, तर एजंटाचा परवाना केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आधी तपासा, व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवू नका, आणि पासपोर्ट, व्हिसा, करार व मालकाचा पत्ता यांच्या प्रती घरात जपून ठेवा.