वीस वर्षांनी ईसीयू कुठून आणायचा?

लायकमिंगचे ओ-३२० हे १९५०च्या दशकातले इंजिन. त्याचे सिलिंडर, गॅस्केट, मॅग्नेटोचे भाग आजही नवे मिळतात. याच इंजिनावर इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन चढवले की हिशोब बदलतो. होमबिल्ट विमान बांधणारी मंडळी इंधन किती वाचेल, तापलेले इंजिन पुन्हा चटकन सुरू होईल का, कार्ब्युरेटरमधल्या बर्फाची कटकट सुटेल का, यावर तासन् तास बोलतात. पुढे सुटे भाग कोण देणार, हा प्रश्न बहुधा बिल भरून झाल्यावर निघतो.

या प्रश्नातली निम्मी भीती अनाठायी आहे. इंजेक्टर, पंप, प्रेशर रेग्युलेटर, सेन्सर हा बहुतेक माल मोटारींचाच. बॉशच्या ईव्ही-१ नंतर ईव्ही-६ आला, मग ईव्ही-१४. जुन्याच्या जागी योग्य मापाचा नवा बसवता येतो, बऱ्याचदा फक्त कनेक्टर बदलावा लागतो. मात्र लॉगबुकात नुसता पार्ट नंबर लिहून भागत नाही. ३ बार दाबाला किती इंधन जाते, कॉइलचा रोध किती, ओ-रिंग आणि लांबी कोणत्या मापाची, एवढे टिपलेले असेल तर तो नंबर बाजारातून गेला तरी पर्याय सापडतो.

अडचण आहे ती ईसीयूची, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रक डब्याची. होमबिल्टसाठी ईसीयू बनवणारे उद्योग लहान, गिऱ्हाईक मोजके. आतला मायक्रोकंट्रोलर चिप कंपनीने बंद केला की बोर्ड नव्याने आखावा लागतो, सॉफ्टवेअर नव्याने तपासावे लागते, आणि तेवढ्या विक्रीत ते परवडेलच असे नाही. ‘आमच्याकडे दोन ईसीयू आहेत की’ हे उत्तर इथे लंगडे पडते. दुसरा ईसीयू हवेत पहिला बंद पडला तर वाचवतो; काळापुढे मात्र दोघेही एकाच वयाचे, एकाच बनावटीचे.

मोठे नाव पाठीशी असले म्हणून निश्चिंत राहावे, तर तेही नाही. पोर्शेने ९११च्या इंजिनावरून पीएफएम ३२०० काढले, ते मूनी एम-२०एलमध्ये बसले. १९९१ मध्ये उत्पादन थांबले, पुढे कंपनीने पाठबळही काढून घेतले आणि मालकांवर दुसरे इंजिन शोधायची पाळी आली. मर्सिडीजच्या मोटारीतल्या डिझेल इंजिनापासून विमानाचे इंजिन घडवणारी थिलर्ट २००८च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. डायमंड डीए-४२च्या मालकांच्या वॉरंट्या बुडाल्या, भागांचे भाव कडाडले. प्रमाणित विमान असल्याने त्यांना बाजारातला दुसरा डबा आणून जोडायची मुभा नव्हती. होमबिल्टवाल्याला ती आहे. नव्याने चाचणी-उड्डाणे करावी लागतील, लॉगबुकात नोंद करावी लागेल, पण वाट मोकळी आहे.

ही मुभा वापरता यावी म्हणून तयारी बांधणीतच करायला हवी. क्रँकची स्थिती सांगणारे चाक ६०-२ किंवा ३६-१ दातांचे (म्हणजे ६० पैकी दोन किंवा ३६ पैकी एक दात गाळलेले) असेल तर बाजारातले बहुतेक प्रोग्रामेबल ईसीयू ते वाचतात. एखाद्या कंपनीचा खास नमुना असेल तर डब्यासोबत प्रॉपेलरपर्यंत सगळे उघडावे लागते. इंधनाचा नकाशा, म्हणजे आरपीएम आणि मॅनिफोल्ड दाबाचा तक्ता, लॅपटॉपवर ठेवावाच, पण कागदावरही छापावा; जुन्या विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर पुढे उघडेलच असे नाही. वायरिंगचा आराखडा प्रत्येक पिनच्या नावासकट फाइलला लावावा, कारण विमान कधी ना कधी विकले जाते आणि नव्या मालकाचा मेकॅनिक रंगीत तारांच्या जुडग्याकडे बघत बसतो.

आणखी एक, काहीसे उलटे वाटेल असे. होमबिल्टला कित्येकदा पाच-दहा वर्षे लागतात. पंख तयार होण्याआधी घेतलेला ईसीयू पहिल्या उड्डाणाआधीच जुना झालेला असतो. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स सर्वांत शेवटी घ्यावे, पण घेताना बसवायच्या दोनांखेरीज तिसरा जादा घ्यावा. तो कपाटात ठेवून विसरू नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पडून राहूनही खराब होतात. दर वार्षिक तपासणीला हा जादा ईसीयू जोडून जमिनीवर इंजिन फिरवावे आणि त्याची तारीख लॉगबुकात टाकावी.