डॉक्टरांच्या उजव्या हाताचा प्रश्न

दवाखान्याची पायरी चढणाऱ्या रुग्णास एकच गोष्ट ठाऊक असते, ती ही की आत डॉक्टर आहेत. पांढरा अंगरखा घातलेला आणि गळ्यात स्टेथॉस्कोप अडकविलेला जो कोणी समोर येईल त्यास तो डॉक्टर समजतो, हात जोडतो आणि आपले दुखणे त्याच्या स्वाधीन करून मोकळा होतो. समोरची व्यक्ती डॉक्टर नसून डॉक्टरांची सहायक आहे, हे त्यास कोणी सांगत नाही आणि विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. मोठमोठ्या रुग्णालयांतून आज हा सहायकवर्ग झपाट्याने वाढत आहे. त्यास ‘फिजिशियन असिस्टंट’ किंवा ‘फिजिशियन असोसिएट’ म्हणतात; आम्ही त्यास वैद्यकसहायक म्हणू. या वर्गाचा प्रश्न हा केवळ त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न नाही. तो तुमच्या-आमच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणूनच आज त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या व्यवसायाचा जन्म अमेरिकेत झाला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली नौदलातील चार माजी शुश्रूषासैनिकांना हाताशी धरून हा अभ्यासक्रम सुरू केला व १९६७ च्या ऑक्टोबरात त्यांपैकी तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. जहाजावर आणि रणभूमीवर जखमा बांधलेल्या या माणसांच्या हाती कसब होते, पण मुलकी आयुष्यात त्या कसबास जागा नव्हती. दुसरीकडे खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नव्हते. दोन उणिवांची सांगड घालून स्टेड यांनी एक नवी सोय निर्माण केली. तीन माणसांपासून निघालेला हा वर्ग आज त्या देशात दीड लाखाच्या वर गेला आहे. भारतात या शिक्षणाचा आरंभ १९९२ साली मद्रासेस, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने मद्रास मेडिकल मिशन या संस्थेत झाला. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पायातील शीर काढून देणे, अतिदक्षता विभागात रात्र जागणे, रुग्णाची हकीकत टिपणे, घरी जाताना त्याचा कागद तयार करणे ही कामे हे सहायक करू लागले आणि पाहता पाहता मोठ्या डॉक्टरांचा उजवा हात बनले.

आमच्या भागातील जुन्या पिढीस ही कल्पना सर्वस्वी नवी वाटणार नाही. पूर्ण पदवी नसलेले, पण शाळेत पद्धतशीर शिकलेले ‘लायसेन्शिएट’ डॉक्टर आमच्या वाडवडिलांनी पाहिले आहेत. पुण्याच्या १८७८ साली स्थापन झालेल्या बी. जे. मेडिकल स्कूलमधून शिकून गेलेल्या या मंडळींनी तालुक्याच्या गावी, घोड्यावरून आणि बैलगाडीतून हिंडून, पटकीच्या आणि प्लेगच्या साथींत लोकांची सेवा केली. १९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा देशातील डॉक्टरांपैकी सुमारे दोन तृतीयांश याच वर्गातील होते. समितीने मात्र एकाच दर्जाचा, पूर्ण पदवीचा डॉक्टर असावा असा कौल दिला. त्या शाळा बंद पडल्या वा महाविद्यालये झाल्या. उद्देश उदात्त होता. पण पदवीधर डॉक्टर शहरात राहिले आणि खेडे होते तिथेच राहिले. मधली पायरी काढून टाकली म्हणजे माणसे आपोआप वरच्या पायरीवर चढतात असे नाही, हा धडा त्यातून घ्यावयास हवा होता.

म्हणून वैद्यकसहायक असावेत की नसावेत, हा आमच्या मते वादाचा विषयच नाही. ते आहेत आणि राहणार. खरा प्रश्न आहे तो त्यांनी कोणत्या साधनांनी, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या मर्यादेत काम करावे, हा.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले तर काय होते, ते लंडनमधील एका दुर्दैवी घटनेने साऱ्या जगास दाखविले आहे. २०२२ साली तीस वर्षांची एक तरुणी पोटरी दुखते म्हणून दवाखान्यात गेली. स्नायू दुखावला असेल असे तिला सांगण्यात आले. काही दिवसांनी धाप लागते, चक्कर येते, पाय सुजला आहे अशी तक्रार घेऊन ती पुन्हा तेथेच गेली. या वेळी तिची पोटरी तपासली गेली नाही. मनाच्या घबराटीचे लक्षण समजून तिला गोळ्या देण्यात आल्या. वस्तुतः पायातील शिरेत रक्ताची गुठळी झाली होती व ती फुप्फुसाकडे गेली होती. ती तरुणी वाचली नाही. तिला तत्काळ मोठ्या रुग्णालयात धाडले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढील वर्षी झालेल्या मृत्युचौकशीत निघाला. आपल्याला दोन्ही वेळा तपासले ते डॉक्टरांनी, अशीच तिची व तिच्या घरच्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तपासणारी व्यक्ती वैद्यकसहायक होती.

या घटनेनंतर इंग्लंडात सहायकांविरुद्ध काहूर उठले. परंतु केवळ त्यांच्यावर आग पाखडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होय. ज्या रुग्णाचे दुखणे काय आहे हे अद्याप कोणासच ठाऊक नाही, असा रुग्ण प्रथमच तपासणे हे वैद्यकातील सर्वांत अवघड काम. ते काम, शिक्षण तुलनेने अल्प असलेल्या माणसाकडे एकट्याने सोपवावयाचे, वरिष्ठांनी शेजारच्या खोलीत आपापल्या गर्दीत गुंतून राहावयाचे आणि अनर्थ झाला म्हणजे बोट सहायकाकडे दाखवावयाचे, ही कोठली न्यायबुद्धी? इंग्लंडच्या सरकारने प्रा. गिलियन लेंग यांच्याकडे चौकशी सोपविली. जुलै २०२५ च्या त्यांच्या अहवालाने नेमक्या याच मर्मावर बोट ठेवले. निदान न झालेला रुग्ण सहायकाने सरसकट पाहू नये, ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटीतच पाहावा. नवशिक्या सहायकाने दवाखान्यात बसण्यापूर्वी निदान दोन वर्षे रुग्णालयात अनुभव घ्यावा. आणि रुग्णाची फसगत होऊ नये म्हणून त्याचे नावच ‘असोसिएट’ऐवजी ‘असिस्टंट’ असावे, अशा त्यांच्या शिफारशी आहेत.

मर्यादेइतकाच महत्त्वाचा विषय साधनांचा. साधन म्हटले की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे लाखो रुपयांची यंत्रे उभी राहतात. पण सहायकाच्या हाती द्यावयाची सर्वांत मोलाची साधने कागदाच्या एका पानावर मावतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली धोक्याची पूर्वसूचना देणारा एक गुणतक्ता प्रसृत केला व २०१७ साली तो सुधारला. श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टी मोजावयाच्या. प्रत्येकीस शून्य ते तीन गुण द्यावयाचे. प्राणवायू लावलेला असेल तर आणखी दोन मिळवावयाचे. बेरीज पाच झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवावयाचे. सात झाली की तो आणीबाणीचा प्रसंग.

आता एक रुग्ण कल्पावा. ताप १०१ अंश, नाडी ११२, वरचा रक्तदाब १०४, प्राणवायू ९४, श्वास मिनिटाला २४, शुद्ध ठीक. यांतील एकही आकडा एकट्याने पाहिला तर कोणाची झोप उडणार नाही. ताप आहे तेव्हा नाडी थोडी जलद चालायचीच, असे म्हणून रात्रपाळीचा माणूस पुढच्या खाटेकडे वळेल. पण तक्त्याप्रमाणे गुण मांडा : तापाचा एक, नाडीचे दोन, रक्तदाबाचा एक, प्राणवायूचा एक, श्वासाचे दोन, बेरीज सात! म्हणजे हा रुग्ण सकाळच्या फेरीपर्यंत ठेवण्यासारखा नाही. पाच लहान कुरबुरी मिळून एक मोठा टाहो होतो, तो ऐकण्याचा कान हा तक्ता देतो. मात्र त्यासाठी श्वास घड्याळ लावून पुरा मिनिटभर मोजला पाहिजे. श्वास अंदाजाने ‘वीस’ लिहिण्याची जी खोड सर्वत्र आढळते, ती या साऱ्या शास्त्रावर पाणी ओतणारी आहे.

दुसरे साधन बोलण्याचे. मध्यरात्री वरिष्ठांना झोपेतून उठवून “साहेब, पेशंट जरा बरा वाटत नाही” असे चाचरत सांगितले, तर “बघू सकाळी” याखेरीज दुसरे उत्तर कोणते मिळणार? अमेरिकेच्या नौदलातील पाणबुड्यांवर संदेश देण्याची जी शिस्त होती, ती पुढे रुग्णालयांनी उचलली. तीत चार पायऱ्या आहेत : परिस्थिती, पूर्वपीठिका, अंदाज आणि मागणी. “साहेब, सहा नंबरच्या खाटेवरील रुग्णाचे गुण सात झाले आहेत. परवा पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. मला जंतुदोषाची शंका येते. आपण आत्ता यावे.” चार वाक्ये, अर्धा मिनिट, पण ऐकणारा अंथरुणात राहू शकत नाही. धाकट्या पदावरील माणसास वडीलधाऱ्यांपुढे स्पष्ट बोलण्याचा धीर आमच्या समाजात मुळात कमी. तो धीर या पायऱ्या देतात, हा त्यांचा मोठा लाभ. शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली तपासणीयादी दिली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर आले. एवढ्या स्वस्तात एवढे प्राण वाचविणारे दुसरे औषध आम्हांस तरी माहीत नाही.

पण साधनांचीही सीमा ओळखली पाहिजे. फुप्फुसात गुठळी असेल काय, हे ताडण्यासाठी कॅनडातील डॉ. वेल्स यांच्या नावाची गुणपद्धती आहे. पाय सुजला आहे काय, नाडी शंभराच्या वर आहे काय, गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली काय, थुंकीतून रक्त पडते काय, असे प्रश्न ती विचारते. लंडनच्या त्या तरुणीपुढे हे प्रश्न मांडले गेले असते तर कदाचित वेगळे घडते. परंतु ते प्रश्न विचारावेत हे सुचण्यासाठी आधी गुठळीची शंका यावी लागते! तक्ता शंकेचे वजन करतो. शंका निर्माण करीत नाही. ती निर्माण होते अनुभवाने आणि पाठीशी उभ्या असलेल्या जाणत्या डॉक्टरांमुळे. खिशातील भ्रमणध्वनीवर आज औषधांची मात्रा मिळते, संगणक निदानाची यादीही सुचवितो. पण रुग्णाची पोटरी हाताने चाचपण्याचे काम अजून कोणत्याही यंत्राने अंगावर घेतलेले नाही.

आणि एक साधन असे आहे की जे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते म्हणजे रुग्णाची भाषा. आमची मराठी दुखण्याच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. पोटात कळ येते ती वेगळी, मुरडा येतो तो वेगळा, आग होते ती वेगळी. गळू ठणकते, पाठीत उसण भरते, हातास मुंग्या येतात. “छातीत चमक निघते” म्हणणारा आणि “छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखे वाटते” म्हणणारा, या दोघांत दुसऱ्याकडे डॉक्टरांनी आधी धावले पाहिजे, कारण हृदयाचे दुखणे बहुधा दडपणाच्या रूपाने येते. पण ऐकणाऱ्यास मराठी येत नसेल आणि मध्यस्थाने दोन्हींचे भाषांतर ‘छाती दुखते’ असे एकच करून टाकले, तर निदानाची पहिली किल्ली तेथेच हरवली. सीमाभागातील आमच्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. निपाणी-खानापूरकडील म्हातारी बेळगावच्या रुग्णालयात आपले गाऱ्हाणे सांगताना अडखळते, तशीच जतकडील कानडी आजीही मिरज-सांगलीच्या रुग्णालयात अडखळत असेल, हे आम्ही जाणतो. दोघींचाही हक्क सारखाच आहे. भाषेचा आमचा आग्रह हा कोणाच्या द्वेषाचा नाही. रुग्णशय्येपाशी तर तो निव्वळ माणुसकीचा आहे. डॉक्टरांपेक्षा रुग्णापाशी अधिक वेळ बसणाऱ्या सहायकास त्या भागातील लोकांची भाषा आलीच पाहिजे, ही अट नेमणुकीतच असावी.

आता सरकारच्या कर्तव्याविषयी. संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली कायदा केला आणि त्याच्या परिशिष्टात वैद्यकसहायकांना प्रथमच कायदेशीर स्थान मिळाले. प्रत्येक राज्याने सहा महिन्यांत परिषद स्थापून नोंदणी सुरू करावी, असे त्यात म्हटले होते. राज्यांनी केलेल्या दिरंगाईबद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास कान टोचावे लागले! २०२५ साली केंद्राने अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, हे चांगले झाले. पण नावाचा घोळ कायम आहे. अमेरिकेतील सहायकांच्या संघटनेने २०२१ साली ‘असोसिएट’ हे नाव उचलले, इंग्लंड ते टाकावयास निघाले आणि आमच्या कायद्याने तेच स्वीकारले. इंग्रजी नाव कोणतेही असो. रुग्णास कळेल अशा लिपीत आणि भाषेत ‘डॉक्टरांचे सहायक’ ही अक्षरे छातीवरील पट्टीवर ठळक असली पाहिजेत.

आमच्या मागण्या थोडक्या आहेत. नोंदणीशिवाय कोणासही सहायक म्हणून नेमू नये. कोणत्या सहायकाची जबाबदारी कोणत्या डॉक्टरांवर आहे, हे लेखी असावे आणि ते डॉक्टर हाकेच्या अंतरावर असावेत. एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा आलेला रुग्ण डॉक्टरांनी स्वतः तपासल्याशिवाय घरी जाऊ नये. सहायकाने काय करावे व काय करू नये, याची यादी रुग्णालयाच्या भिंतीवर लावावी. आणि मर्यादा पाळून “हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे” असे म्हणणाऱ्या सहायकास रागे न भरता शाबासकी मिळावी.

आमच्या वाचकांचेही एक कर्तव्य आहे. तपासणाऱ्यास “आपण डॉक्टर की त्यांचे सहायक?” असे नम्रपणे विचारण्यास त्यांनी संकोच करू नये. यात कोणाचा अवमान नाही. जो सहायक या प्रश्नाचे उत्तर ताठ मानेने आणि खरे देईल, त्याच्या हाती आपली नाडी निर्धास्तपणे द्यावी. उजवा हात कितीही कुशल असला तरी तो देहापासून सुटून काम करू शकत नाही. आणि हाताकडून काम घ्यावयाचे, पण जखम झाली की तो आपला नव्हेच म्हणावयाचे, हे कोणत्याही शहाण्या देहास शोभणारे नाही.