पटापलीकडचा माणूस

जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्याआधी डिसेंबर 2024 मध्ये गुकेश विश्वविजेता झाला होता. अशा बातम्या आल्या की आपल्या घरातील मुलांनाही बुद्धिबळ शिकावेसे वाटते. पण आता पट लाकडाचा राहिलेला नाही, तो अम्मीच्या मोबाईलमध्ये असतो. मगरीबची नमाज झाली की मुलगा दूरदेशीच्या एखाद्या अनोळखी माणसाशी दहा मिनिटांचा डाव मांडतो. ना नाव माहीत, ना चेहरा.

शतरंजबाबत आपल्या इमामांमध्ये मतभेद आहेत. बहुतेक उलमांनी तो नापसंत केला, तर शाफई परंपरेत काही अटींवर त्याला हराम म्हटलेले नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. मात्र तीन गोष्टींवर कोणाचाच मतभेद नाही : खेळावर पैसा लावायचा नाही, खेळापायी नमाज सोडायची नाही आणि खोटे वागायचे नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आता 2025 च्या कायद्यानेही बंदी आली आहे. नमाजेची वेळ घरात लक्षात आणून देता येते. तिसरी गोष्ट मात्र मुलाच्या हाती राहते, कारण ती कोणाला दिसत नाही.

1997 मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवले. त्या काळी त्यासाठी कपाटाएवढे यंत्र लागले होते. आज ‘स्टॉकफिश’ नावाचा मोफत प्रोग्राम साध्या फोनवर चालतो आणि जगातील कोणत्याही खेळाडूपेक्षा सरस खेळतो. एका फोनवर डाव मांडायचा, दुसऱ्या फोनवर त्याला चाल विचारायची, की झाले. डाव संपल्यावर आपली चूक शोधायला हाच प्रोग्राम वापरला तर तो उत्तम शिक्षक असतो. डाव चालू असताना वापरला तर ती चोरी ठरते.

आमच्या परिचयातील आठवीच्या एका मुलाचे रेटिंग दीड महिन्यात 900 वरून 1700 वर गेले. त्याचे अब्बा नातेवाइकांना फोन दाखवून कौतुकाने सांगत. एके सकाळी खाते बंद झाले. नियमभंग केल्याची सूचना तेवढी पडद्यावर होती. मुलाला विचारले, तर म्हणाला, “सर, समोरचाही करतच असेल ना!” त्याला लाकडी पटावर खेळायला बसवले, तर दहा-बारा चालींतच त्याचा वजीर गेला. दीड महिन्यात त्याने शेकडो डाव जिंकले होते आणि एकही गोष्ट शिकला नव्हता. खाते बंद झाल्याचे त्याला फारसे वाटले नाही. अब्बांनी मात्र नातेवाइकांना फोन दाखवणे थांबवले, हे त्याला लागले.

मोठी माणसेही या मोहात पडतात. जून 2021 मध्ये कोविडच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन खेळले. त्यांतील एका तरुण उद्योजकाने आनंदना हरवले. दुसऱ्या दिवशी त्यानेच जाहीर केले की आपल्याला संगणकाची आणि जाणकारांची मदत होती, आणि त्याने माफी मागितली. कार्यक्रम पुण्याच्या कामाचा होता, तरी तो विजय खोटाच ठरला.

प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात, वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघते, आणि ते त्या विक्रेत्याला फसवणुकीबद्दल समज देतात, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. 1700 चे ते रेटिंग म्हणजे वरचे कोरडे धान्यच. ते पाहून समोरचा माणूस आपली वेळ आणि मेहनत पटावर मांडतो. त्याचे नाव-गाव आपल्याला माहीत नाही म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही.

संगणकाची मदत ही एकच लबाडी नाही. हार दिसू लागली की चाल न करता घड्याळ संपू देणे, मधेच नेट बंद करणे, दुबळ्यांना हरवता यावे म्हणून मुद्दाम हरून रेटिंग उतरवणे, जिंकल्यावर चॅटमध्ये टोमणे मारणे, धाकट्या भावाच्या खात्यावर मोठ्याने खेळणे, हे सारे त्याच माळेतले मणी आहेत. हरलो तर डाव सोडून द्यावा, जमल्यास दोन चांगले शब्द लिहावेत. त्याला पैसे पडत नाहीत.

पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटनची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि माजी विश्वविजेते कापाब्लांका यांनाही हरवले. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढलेल्या या माणसाला युरोपचे नियम नव्याने शिकावे लागले होते. मुलांना सांगायला ही कहाणी चांगली आहे.

आईवडिलांना आमचे सांगणे एवढेच. फोन बैठकीच्या खोलीत असू द्या. “किती झाले रेटिंग?” हा प्रश्न रोज विचारू नका, आपल्या या प्रश्नानेच मुलाला आकड्याची भूक लागते. त्याऐवजी “आज हरलेला एक डाव दाखव, कुठे चुकलास?” असे विचारा. ज्याने स्वतः विचार केला असेल, त्याला उत्तर देता येईल. आणि चूक सापडलीच, तर चारचौघांत लाज काढू नका, तौबेचा दरवाजा उघडा ठेवा.

त्या मुलाने लेखी कबुली दिली. अब्बांच्या परवानगीने त्याने नवे खाते उघडले. आज त्याचे रेटिंग 1000 च्या आसपास आहे. परवा तो स्वतःहून हरलेला डाव घेऊन आला आणि म्हणाला, “सर, इथे मी घाई केली.”

अल्लाह आपल्या मुलांना एकांतातही प्रामाणिक ठेवो. आमीन.