ठिपके मोजणारे रिकामटेकडे

मागच्या शनिवारी मेळघाटला निघालो, तर टीममधला एक मित्र म्हणतो, "काय बे, घुबड पाहायला एवढं लांब? तुझ्या कॉलनीतल्या कडुलिंबावर बसते ना!"

बसतो. पण तो पिंगळा. मला पाहायचा होता रानपिंगळा. "डोक्यावर ठिपके असले काय, नसले काय" म्हणणाऱ्या मंडळींशी आज जरा भांडायचंय.

दोघंही जेमतेम वीतभर. पिंगळ्याच्या डोक्यावर-पाठीवर पांढरे ठिपके. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, शेपटीवर रुंद पट्टे, पंजे दणकट. पिंगळा गावाशहरात कुठेही संसार थाटतो. रानपिंगळा सागाच्या जंगलातला, आणि चक्क दिवसासुद्धा शिकार करतो.

ह्यूमने १८७३ साली त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंदच नाही. मधे मायनर्ट्झहागेन नावाच्या साहेबाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवल्याचा दावा केला. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी म्युझियममधले नमुने तपासले, तर काय? तो पक्षी डेव्हिडसनने १८८०च्या दशकात गोळा केलेला, साहेबांनी ढापून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला! आपल्या भाषेत सांगायचं तर चोरलेली रो, लोकेशन फील्ड बदललेली. हा कचरा बाजूला काढून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट शोधत निघाले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी! हे काम रिकामटेकड्यांचं?

आता कुणी म्हणेल, २०१८ च्या जनुकीय अभ्यासात तो पिंगळ्याच्याच अथीनी गटातला निघाला ना? निघाला. मान्य. म्हणून भाऊ-भाऊ एकच होतात का? आपल्याकडे दोन ग्राहकांचं आडनाव सारखं म्हणून कुणी रेकॉर्ड मर्ज केली तर सोमवारी काय होतं ते सांगायला नको.

इथे तर मर्ज केलेलं परतही मिळत नाही. पिंगळा भरपूर आहे, त्याची कुणाला काळजी नाही. रानपिंगळा २०१८ पर्यंत अतिसंकटग्रस्त होता, आता संकटग्रस्त. सागाच्या एखाद्या पट्ट्यातल्या यादीत 'पिंगळा' एवढंच लिहिलं, तर तिथली तोड थांबवायला कुणाकडे कारणच उरत नाही.

असो. सोमवारी मित्राने विचारलं, "दिसला का बे?" एक दिसला, पण पानांआड, पाठमोरा. डोकं काही दिसलं नाही. वहीत 'पिंगळा?' असं प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवलंय.